ताज्या पिशवीकडे जाणारी वाट

एकदा एक शिष्य भर दुपारी आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आला आणि चपला काढता काढताच यंत्राला दूषणे देऊ लागला.

हल्लीच्या शिष्याच्या खांद्यावर झोळी नसते, लॅपटॉपची बॅग असते. गुरूही आश्रमात राहत नाहीत, निवृत्त होऊन दोन खोल्यांच्या घरात राहतात. हे गुरू तंत्रनिकेतनात डेटाबेस शिकवत असत. असंख्य नोंदी यंत्रात नीट रचून ठेवायच्या आणि हवी ती नोंद हव्या त्या क्षणी शोधून काढायची, अशी ती विद्या. शिष्य तिच्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला होता, आणि त्यामुळे ती आपल्याला आली आहे असा त्याचा प्रामाणिक समज होता.

त्याने एका जिल्ह्याच्या गावातल्या रक्तपेढीसाठी सॉफ्टवेअर लिहिले होते. कोणी रक्त दिले की पिशवीची नोंद होई: रक्तगट कोणता, रक्त कोणत्या तारखेला गोळा केले, पिशवी पुढे कोणाला दिली. पेढी जुनी होती. आजवर गोळा झालेल्या सगळ्या पिशव्यांच्या नोंदी त्या एकाच कोठारात होत्या, आणि त्यांची संख्या लाखांत गेली होती.

या पेढीत थॅलेसेमियाची मुले येत. या मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही, ते पुन्हा पुन्हा बाहेरून द्यावे लागते, आणि ते शक्यतो ताजे, आठवडाभरातले लागते. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ताजे रक्त' असे लिहिलेले असे. खिडकीवरच्या बाई संगणकात रक्तगट भरत आणि 'ताज्या पिशव्या' असे लिहिलेले बटण दाबत. मग पडद्यावर ते गोल गोल फिरणारे चक्र सुरू होई. खिडकीबाहेर एसटीने पहाटे निघालेली आई कडेवरच्या पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभी राही. चक्र फिरतच राही. बाई पडद्याकडे बघत, आणि आई बाईंकडे बघे.

या कथेत गुरूंना नाव नाही, शिष्याला नाही, पेढीच्या अध्यक्षांनाही नाही. अशा कथांची तशी रीतच आहे. पण खिडकीवरच्या बाईंचे नाव मी सांगणार आहे, कारण पेढीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या ठरावात ते ठळक अक्षरांत लिहिले गेले आणि दुसऱ्या कोणाचेही लिहिले गेले नाही. त्यांचे नाव प्रमिला ओव्हाळ.

तक्रारी येऊ लागल्या होत्या. तक्रार करणाऱ्यांना दोष देता येत नाही. आजारी मूल कडेवर असताना माणसाला जो समोर दिसतो त्याचाच राग येतो. पण समितीच्या कडेवर मूल नव्हते. समितीला चहा होता, पंखा होता आणि विचार करायला भरपूर सवड होती. तिने काय करावे? तिने एक माणूस घड्याळ देऊन खिडकीसमोरच्या बाकावर बसवला. प्रमिलाताईंना एका माणसामागे किती वेळ लागतो हे त्याने मोजले आणि कागदावर लिहून दिले. तो वेळ कशात जातो, हे त्याला विचारायला सांगितलेच नव्हते, म्हणून त्याने विचारले नाही. मधल्या काळात एका व्यापाऱ्याने समितीला मोठे, अधिक वेगवान यंत्र विकले होते. ते आल्यावर थोडे दिवस बरे वाटले आणि मग सगळे पूर्ववत झाले. त्यामुळे तर समितीची खात्रीच पटली. यंत्र नवे, सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाने लिहिलेले. मग उरले कोण?

समितीच्या बैठकीला शिष्य हजर होता. अध्यक्षांनी त्याला विचारले की तुमच्या बाजूने काही अडचण नाही ना. तो म्हणाला की नाही, इंडेक्स लावलेले आहे. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी, नोंद कुठे आहे ते चटकन दाखवणारी यादी. हे खोलीतल्या कोणालाही ठाऊक नव्हते, पण शब्द वजनदार होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कामाच्या संथपणामुळे प्रमिला ओव्हाळ यांना महिनाअखेरीस मुक्त करावे, असा ठराव झाला. 'मुक्त' हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. माणसाची भाकरी काढून घेताना लोक किती सोवळे शब्द वापरतात ते दिसावे म्हणून.

ठराव झाल्यावर अध्यक्ष शिष्याला म्हणाले की आता खिडकीवर नवीन मुलगी येईल, तेव्हा तुम्हीही तुमच्याकडून थोडा वेग वाढवा. शिष्याने वेग वाढवण्यासाठी आणखी इंडेक्स लावले. रक्तगटावर लावले, दात्याच्या आडनावावर लावले, तालुक्यावर लावले. जिथे जागा दिसली तिथे लावले. चक्र फिरायचे थांबेना. म्हणून तो गुरूंकडे आला होता.

गुरूंनी चहा टाकला. शिष्याने सगळी हकिगत सांगितली, त्यात प्रमिलाताईंचा ठरावही ओघात सांगून टाकला, आणि वर म्हणाला की तशा त्या बाई जरा हळूच आहेत म्हणा. गुरूंनी कप खाली ठेवला. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही त्यांच्या मानेवरची फुगलेली शीर दिसली असती.

त्यांच्या खोलीची एक अख्खी भिंत दिवाळी अंकांनी भरलेली होती. लग्न झाले त्या वर्षापासूनचे अंक त्यांनी जपून ठेवले होते आणि वर्षांप्रमाणे ओळीने लावले होते. डावीकडे सगळ्यांत जुने, उजवीकडे सगळ्यांत नवे. फळीवर जागोजागी वर्षांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या. गुरू म्हणाले, "मला गेल्या तीन वर्षांतले अंक काढून दे."

शिष्य सरळ उजव्या टोकाला गेला.

"तिकडून नाही," गुरू म्हणाले. "डावीकडून सुरुवात कर. चिठ्ठ्यांकडे बघायचं नाही. एकेक अंक बाहेर काढ, मुखपृष्ठावरचं वर्ष बघ, ते चालू वर्षातून वजा कर, अंकाचं वय मोठ्यानं सांग. तीनपेक्षा जास्त असेल तर परत ठेव आणि पुढचा घे."

शिष्याला वाटले, म्हातारपणाचा काही खेळ असेल. गुरूची आज्ञा म्हणून त्याने पहिला अंक काढला. वर्ष पाहिले, वजाबाकी केली, वय सांगितले, अंक परत ठेवला. दुसरा काढला. धूळ नाकात गेली, शिंका आल्या. बऱ्याच अंकांची मुखपृष्ठे फाटलेली होती, तेव्हा वर्षासाठी आतली पाने चाळावी लागली. गुरू खुर्चीत बसून हातातल्या घड्याळाकडे बघत होते आणि मधूनमधून जीभ टाळ्याला लावून 'च्च' करत होते. शिष्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. ज्या वर्षी त्याचा स्वतःचा जन्म झाला त्या वर्षाच्या चिठ्ठीपर्यंतसुद्धा तो पोहोचला नव्हता, तेवढ्यात गुरू म्हणाले, "तू फार संथ आहेस. उद्यापासून या कामाला मी दुसऱ्याला बोलावतो."

आता मात्र शिष्याचा संयम सुटला. हातातला अंक तसाच धरून तो वळला आणि म्हणाला, "सर, हा अन्याय आहे. माझ्यात काय खोट आहे? तुम्ही काम सांगितलंतच असं, की ब्रह्मदेव आला तरी त्याला एवढाच वेळ लागेल."

गुरू हळू आवाजात म्हणाले, "हे वाक्य तू समितीत बोलला होतास का?"

शिष्याने हातातला अंक फळीवर परत ठेवला.

गुरूंनी त्याला बसायला सांगितले नाही. लॅपटॉप उघडायला सांगितले. 'ताज्या पिशव्या' हे बटण दाबल्यावर यंत्राला जो प्रश्न जातो, तो पडद्यावर आणायला सांगितला. शिष्य तो चालवून किती वेळ लागतो ते दाखवणार, तोच गुरूंनी त्याचा हात धरला. वेळ त्यांना पाहायचाच नव्हता. प्रत्येक डेटाबेसला एक सोय असते. प्रश्नाच्या आधी एक शब्द लिहिला, की यंत्र उत्तर शोधायला निघतच नाही. ते फक्त सांगते, की मी निघालो तर कोणत्या वाटेने जाईन, कोणते इंडेक्स हाताशी घेईन, आणि साधारण किती नोंदी मला चाळाव्या लागतील. याला एक्झिक्युशन प्लॅन म्हणतात. शिष्याने तो परीक्षेपुरता पाठ केला होता आणि परीक्षेनंतर पुन्हा कधी मागितला नव्हता.

आता मागितला. यंत्राने नम्रपणे सांगितले. त्या सांगण्याचा साध्या मराठीत अर्थ असा होता: मी कोठारातली पहिली नोंद वाचीन, मग दुसरी, अशा करत शेवटपर्यंतच्या सगळ्या वाचीन. प्रत्येक पिशवीची गोळा केल्याची तारीख आजच्या तारखेतून वजा करून तिचे वय काढीन. वय आठवड्याहून जास्त भरले तर ती सोडून देईन. इंडेक्सचे नाव त्यात कुठेही नव्हते. शिष्याने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. नव्हतेच.

"पण तारखेवर इंडेक्स आहे," तो म्हणाला. "मी स्वतः लावलंय."

"माझ्या फळीवर चिठ्ठ्या नव्हत्या का?" गुरू म्हणाले. "होत्या ना? मी तुला त्यांच्याकडे बघू दिलं नाही. तूही यंत्राला बघू दिलं नाहीस. इंडेक्स रचलंय तारखेवर. तू तारीख विचारतच नाहीस, तू वय विचारतोस. वय कुठंच लिहिलेलं नसतं, ते रोज बदलतं. ते काढायचं तर प्रत्येक पिशवीपाशी जावंच लागणार. ज्या पिशवीतलं रक्त वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंगात गेलं, तो माणूस बरा होऊन घरी गेला, त्याला नातवंडं झाली, त्या पिशवीलासुद्धा तुझं यंत्र रोज जाऊन विचारतंय की बाई, तुझं वय काय? आणि हे चाललेलं असताना खिडकीवर प्रमिलाताई शिव्या खातायत. आठवड्यापूर्वीची तारीख काढायला एक वजाबाकी लागते. ती तुझी होती, आणि एकदाच करायची होती. ती तू लाखो वेळा यंत्राकडून करून घेतलीस आणि सगळ्याचं बिल त्या बाईंच्या नावावर फाडलंस."

एवढे सलग ते क्वचितच बोलत. बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली आणि त्यांनी गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

शिष्याने प्रश्न बदलला. बदल इतका लहान होता की सांगायला लाज वाटावी. आजपासून आठवडाभर मागची तारीख आधी एकदाच काढायची, आणि यंत्राला विचारायचे की त्या तारखेनंतर गोळा झालेल्या या रक्तगटाच्या पिशव्या कोणत्या. त्याने पुन्हा वाटेचा आराखडा मागितला. या वेळी यंत्र म्हणाले, की मी तारखेच्या इंडेक्सपाशी जाईन, नेमक्या त्या तारखेवर बोट ठेवीन आणि तिथून पुढच्या मूठभर नोंदी तेवढ्या वाचीन. जुन्या पिशव्यांना आता कोणी हात लावणार नव्हते. तसे पाहिले तर मोठे यंत्र तेच होते, इंडेक्स तेच होते, पिशव्या त्याच होत्या.

मग गुरूंनी त्याला बाकीच्या इंडेक्सचा जाब विचारला. आडनावावरचे इंडेक्स कोणता प्रश्न वापरतो? तालुक्यावरचे? शिष्याने एकेका प्रश्नाचा आराखडा काढून पाहिला. बहुतेक इंडेक्स कोणीच वापरत नव्हते. पण नवीन पिशवी नोंदवली की यंत्राला त्या प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागत होती, आणि ती पिशवी नोंदवणारा हात पुन्हा प्रमिलाताईंचाच होता. म्हणजे मदत म्हणून त्याने जे केले, त्याचाही थोडा थोडा भार त्याच खिडकीवर पडत होता. गुरूंनी ते सगळे काढून टाकायला लावले.

उत्साहाच्या भरात शिष्याने वार्षिक अहवालाचाही आराखडा मागितला. त्यात यंत्राने अजूनही सगळे कोठार वाचायचे ठरवलेले पाहून तो चिडला, आणि त्याला इंडेक्स वापरायची सक्तीच करतो म्हणाला. गुरूंनी त्याला आवरले. त्या अहवालात जवळजवळ प्रत्येक नोंद मोजायचीच होती. "दिवाळीत मी हे सगळे अंक पुसतो तेव्हा चिठ्ठ्या बघत बसतो का?" ते म्हणाले. "एका टोकाला सुरू करतो नि दुसऱ्या टोकाला जातो. सगळं वाचणं हा गुन्हा नाही रे. विनाकारण वाचायला लावणं हा गुन्हा आहे. म्हणून आधी विचारायचं, कसा जाणार आहेस, आणि का." शिष्याने अहवाल होता तसा ठेवला.

तो लॅपटॉप मिटून उठला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तो म्हणाला की आज संध्याकाळीच बदल पेढीत लावून टाकतो, उद्यापासून सगळे सुरळीत होईल, कोणाला काही सांगायचीही गरज पडणार नाही.

वाचकहो, या ठिकाणी मी थोडा थांबतो. कारण हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. गुपचूप दुरुस्त करून टाकतो, कशाला बोभाटा. हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नसतो, मदतच करत असतो, आणि तरीही ते वाक्य ऐकले की माझे डोके फिरते.

गुरूंचेही फिरले. ते दारात जाऊन उभे राहिले. बदल संध्याकाळी नाही, आत्ताच लाव, असे ते म्हणाले. मुले ताटकळली आहेत, तिथे एक दिवसही घालवू नकोस. पण कोणाला काही सांगितले नाहीस तर काय होईल, याचा विचार केलास का? महिनाअखेरीस प्रमिलाताई जातील. नवीन मुलगी येऊन बसेल. बटण दाबताच पिशव्या दिसतील. अध्यक्ष समितीला सांगतील, बघा, माणूस बदलला आणि काम किती वेगानं होऊ लागलं. "तुझ्या दुरुस्तीनंच त्या बाई दोषी ठरतील," गुरू म्हणाले. "आत्तापर्यंत त्यांच्यावर नुसता आरोप होता. आता तू पुरावा देणार आहेस."

शिष्य पुन्हा खाली बसला. हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. ते खरोखर आले नव्हते, आणि मला वाटते यातच सगळ्यांत भयंकर गोष्ट आहे. शहाणा, शिकलेला, मनाने चांगला मुलगा, आणि एक बाई आपल्या चुकीखाली चिरडली जाते आहे हे त्याला दाखवून द्यावे लागते.

त्याने बदल तिथूनच लावला आणि समितीची तातडीची बैठक मागितली. बैठकीत त्याने भिंतीवरच्या पडद्यावर दोन्ही प्रश्न मांडले, जुना आणि नवा, आणि यंत्राला दोघांची वाट विचारून दाखवली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. ते म्हणाले की तांत्रिक तपशिलात आम्हाला शिरायचे नाही, वेळ किती लागतो तेवढे सांगा.

शिष्य म्हणाला, "वेळ तुम्ही मोजलाच होता, साहेब. बाकावर माणूस बसवून मोजला होता. वाट कुणी विचारली नाही. मीसुद्धा विचारली नाही. मी तुम्हाला सांगितलं, इंडेक्स आहे. ते होतं. पण वापरलं जात नव्हतं, आणि ते बघणं माझं काम होतं. उशीर प्रमिलाताईंचा नव्हता. माझ्या प्रश्नाचा होता."

कोणीतरी म्हणाले की चला, आता वेगाने चालते आहे ना, मग प्रश्न मिटला. अध्यक्ष म्हणाले की मग ठरावाची आवश्यकता उरत नाही. ठराव 'अनावश्यक' म्हणून मागे घेण्यात आला. चुकीचा म्हणून नाही, हे लक्षात घ्या. अन्यायाचा म्हणून तर नाहीच. ज्या ठरावात प्रमिलाताईंचे नाव ठळक अक्षरांत होते, तो रद्द करताना त्यांच्या नावाचा उल्लेखही कोणाला करावासा वाटला नाही. या लोकांना मी समोरासमोर भेटलो असतो तर काय बोललो असतो, ते इथे छापण्याजोगे नाही.

शिष्य मात्र तिथून सरळ खिडकीकडे गेला. दुपारची वेळ होती, बाहेर कोणी नव्हते. त्याने प्रमिलाताईंना सगळे सांगितले. दिवाळी अंक सांगितले, वजाबाकी सांगितली, ज्या पिशव्या कधीच्या संपल्या त्यांनाही यंत्र रोज वय विचारत होते तेही सांगितले. समितीत काय झाले ते सांगितले. त्याने मनाशी तयारी केली होती की त्या चिडतील, रडतील, कदाचित आभारही मानतील. त्यांनी तिन्हीतले काही केले नाही. त्या आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मी टायपिंगचा क्लास लावला होता," त्या म्हणाल्या. "सुटल्यावर जायचे. सगळी शाळेतली पोरं असतात तिथं. मला वाटलं, वयामुळं बोटं चालत नसतील." त्यांनी बोटे मिटून उघडून पाहिली. "म्हणजे माझी बोटं ठीक होती?"

शिष्याला मान वर करता येईना. "ठीक होती, ताई," तो म्हणाला. "पहिल्यापासून ठीक होती."

तेवढ्यात खिडकीसमोर एक बाप चिठ्ठी घेऊन उभा राहिला. मुलगी त्याच्या बोटाला धरून होती. प्रमिलाताईंनी चिठ्ठी घेतली, रक्तगट भरला, बटण दाबले. पडद्यावर पिशव्या दिसल्या. चक्र फिरलेच नाही, तरी सवयीने त्या क्षणभर वाट पाहत तशाच बसल्या, आणि मग पिशवीचा क्रमांक आत ओरडून सांगितला. शिष्य बाजूच्या बाकावर, जिथे घड्याळवाला माणूस बसला होता तिथे, बसून त्यांच्या बोटांकडे बघत राहिला.

आज संध्याकाळी, आपल्या घरी वा कचेरीत ज्याला आपण 'फार हळू आहे' असे म्हटले, त्याला एकदाच विचारून पाहावे, की बाबा, तू हे काम कसे करतोस. आणि मग आपण त्याला ते कसे सांगितले होते, तेही आठवावे.